थापांचा उपास

शमुवेलनं बावन्न वर्षांत दोन गोष्टी कधी सोडल्या नव्हत्या. एक तांबडा रस्सा आणि दुसरी थाप. रस्सा रविवारी मिळायचा, थाप रोज मारता यायची, म्हणून थापेवर जीव जरा जास्त.

शाहूपुरीत त्याचं जळलेल्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान. शेतकरी विहिरीवरची मोटर घेऊन आला की हा आधी चेहरा पाडायचा, मोटरवर हात ठेवायचा आणि हळूच विचारायचा, शेवटच्या वेळी हिच्याजवळ घरचं कोण होतं? शेतकरी नकळत टोपी काढायचा. मग शिव्या द्यायचा, मग चहा पाजायचा. असा धंदा.

पण सहा वर्षांमागं एक थाप अंगाशी आली. गावात ख्रिस्ती लोकांच्या तशा बऱ्याच मंडळ्या, त्यातल्या तीन मोठ्या. एक जुन्या मिशनची, एक कॅथलिकांची, आणि एक दुकानांच्या वरच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून भक्ती करणारी नवी. त्या साली ईस्टरची पहाटेची प्रार्थना तिघांनी मिळून करायची ठरली आणि निरोप द्यायचं काम शमुवेलकडं आलं. त्यानं जुन्या मिशनला रंकाळा सांगितला, कॅथलिकांना टेंबलाईची टेकडी आणि हॉलवाल्यांना पंचगंगेचा घाट. पहाटे साडेपाचला तीन ठिकाणी माणसं मेणबत्त्या घेऊन उभी, आणि तिन्हीकडं चर्चा एकच, की बाकीच्या दोघांना वेळेची काय किंमतच न्हाय. ऊन वर आल्यावर खरं कळलं. तेव्हापासनं तिन्ही मंडळ्या एकत्र आल्या नव्हत्या.

म्हणजे देवासाठी आल्या नव्हत्या. मटणासाठी आल्या होत्या. गेल्या इलेक्शनला उभ्या राहिलेल्या अमरसिंह ऊर्फ अमरदादांनी वॉर्डाला जेवण घातलं, तेव्हा हीच माणसं एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसली होती. जुन्या मिशनचा माणूस कॅथलिकाच्या वाटीत पांढरा रस्सा ओतत होता. जाताना प्रत्येकाच्या हातात एक पाकीट.

शमुवेलच्या बायकोला, मोनाला, ते फार लागलं. ती महिला मंडळाची सेक्रेटरी. यंदा इलेक्शन लागलं तसं तिनं उचल खाल्ली. मटण खायला एकत्र येतो, तर मटण सोडायला पण येऊ. अमरदादांचं जेवण ज्या शनिवारी, त्याच शनिवारी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा तिन्ही मंडळ्यांनी मिळून उपास आणि प्रार्थना करायची. कुणाचं जेवण नको, कुणाचं पाकीट नको, मत विकायचं न्हाय. दोन महिने ती तिन्हीकडं चपला झिजवत फिरली.

मिटिंगा झाल्या पाच. त्यातल्या चार चहावर गेल्या. उपासाला चहा चालतो असं जुन्या मिशनचे पाळकसाहेब म्हणत होते. फादरांचं म्हणणं, चहाच काय, दुपारी थोडं पोटात गेलं तरी देव रागवत न्हाय. हॉलच्या पास्टरांना पाणीसुद्धा नको होतं. कोडोलीच्या दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेल्या शालूबाई, वय वर्षं ब्याऐंशी, त्यांनी चहा औषधात मोडतो असं सर्टिफिकेट द्यायची तयारी दाखवली. शेवटी पाण्यावर तोड निघाली. पाणी चालंल, बाकी काय न्हाय.

एकाच गोष्टीवर तिघांचं पहिल्या मिनिटाला एकमत झालं. शमुवेलला त्या दिवशी गावात ठेवू नका.

तेव्हा मोना उभी राहिली आणि सगळ्यांसमोर शब्द देऊन बसली. ती म्हणाली, ते येतील, आणि थापांचा पण उपास करतील. सहा ते सहा त्यांच्या तोंडून एक जरी थाप निघाली तर मी सेक्रेटरीपद सोडते, आणि परत कधी तुमाला एकत्र या म्हणणार न्हाय.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा शमुवेल हसला. मग तिच्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचं थांबला.

शनिवार उजाडला. मिशनच्या कंपाउंडमध्ये मांडव, खाली सतरंज्या, तीन मंडळ्यांची मिळून चारशे माणसं. पहिली प्रार्थना झाली ती मागल्या पंगतीची कबुली देणारी. आमी पण खाल्लंय, आमाला क्षमा कर. माणसं खाली बघून आमेन म्हणाली, आणि काही जणांना त्या आठवणीनंच भूक लागली.

शमुवेलला पोटाचं काय वाटत नव्हतं. तोंडाचे हाल चालले होते. सातला एक हवालदार गाडी थांबवून विचारायला आला, कसली सभा? शमुवेलच्या जिभेवर एकदम चार उत्तरं आली, त्यातलं एक तर इतकं सुंदर होतं की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळी गिळून तो म्हणाला, "साहेब, मत विकायचं न्हाय म्हणून उपाशी बसलोय." हवालदारानं त्याला वरपासनं खालपतोर बघितलं आणि सकाळी सकाळी थट्टा करू नका म्हणून गेला. शमुवेलला नवल वाटलं. खरं बोलल्यावर असं होतं हे त्याला माहितीच नव्हतं.

एक वाजता गेटावर टेम्पो आला. अमरदादांचा कार्यकर्ता ऋतुराज खाली उतरला आणि मागचं फाळकं पाडलं. आत चारशे डबे. साबुदाण्याची खिचडी, एक केळं, एक शेंगदाण्याचा लाडू. प्रत्येक डब्यावर अमरदादांचा हात जोडलेला फोटो आणि खाली छापलेलं, उपवासाच्या हार्दिक शुभेच्छा.

कुणीतरी दादांना सांगितलं होतं, ख्रिस्ती लोकांचा मोठा उपास हाय, चारशे मतं एका जागी बसल्यात. कशापायी बसल्यात ते विचारायचं राहिलं. उपास म्हटल्यावर फराळ आलाच, या हिशेबानं बिचाऱ्यांनी पहाटे तीनला साबुदाणा भिजवला होता.

तुपात परतलेल्या मिरचीचा वास मांडवात शिरला. पास्टरांचा आवाज एक पट्टी खाली आला. फादरांनी डोळे मिटले ते जरा जास्तच घट्ट.

मोनानं शमुवेलला पुढं घातलं, आणि जाताना बोट वर करून नुसतं बघितलं.

ऋतुराजनं त्याला बघितलं आणि तो दोन पावलं मागं सरकला. गेल्या इलेक्शनला शमुवेलनं त्याला पटवलं होतं, रंकाळ्यात बोटीतनं प्रचार करायला परवानगी मिळती. पोरगं सकाळी नऊपासनं लाइफ जॅकेट घालून काठावर उभं होतं.

शमुवेलनं सरळ सांगितलं. आमच्या उपासाला साबुदाणा चालत न्हाय, काहीच चालत न्हाय. आणि चालत असता तरी तुमचा घेतला नसता, कारण हा उपास तुमच्याच जेवणाच्या विरोधात हाय.

ऋतुराज पोट धरून हसला. "शमूमामा, या खेपेला न्हाय फसणार. मटणाच्या विरोधात, आणि तुमी?" त्यानं फोन काढला आणि दादांना कळवलं, माणसं खूश हैत, डबे जरा लाजून घेईनात, तुमी सोता या. कॅमेरा घेऊन या.

शमुवेल परत येऊन मोनाशेजारी बसला. आपण काय बोललो ते त्यानं शब्दन् शब्द सांगितलं. मोनानं दोनदा विचारलं, एवढंच? एवढंच.

अडीचला अमरदादा आले. पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं, बरोबर मोबाईल धरून लाइव्ह करणारा एक गडी. शमुवेल गेटावर आडवा आला.

"दादा, पाया पडतो, आत बसू नका," तो म्हणाला. "सतरंजीवर बसला की सहापतोर उठायचं न्हाय आणि पाण्याबिगर काय घ्यायचं न्हाय, असं ठरलंय. तुमचं तर चारला जेवण हाय."

दादांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. शमू, तुझ्या करामती मला ठावं हैत, म्हणाले. आणि थेट पुढच्या सतरंजीवर जाऊन मांडी घातली.

शमुवेल मागनं पळत गेला. कानाशी लागून म्हणाला, दादा, बसलाय ते बसलाय, निदान माईकवर काय बोलू नका. बोललं की अडकलं. दादांनी त्याला डोळा मारला, माईक ओढला आणि लाइव्हवाल्याकडं बघत खड्या आवाजात जाहीर केलं, "माझ्या ख्रिस्ती बांधवांच्या सोबत आज हा अमरसिंह पण उपाशी बसणार. शेवटपर्यंत."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. हॉलवाल्यांच्या टाळ्या लवकर थांबत न्हायत. त्या थांबायच्या आत शालूबाईंनी सरकत येऊन दादांचा हात धरला, आणि लेकरासाठी प्रार्थना करते म्हणाल्या.

शालूबाईंची प्रार्थना सगळ्या मिशनला माहीत होती. तिला फक्त सुरुवात असायची. त्यांनी देशापासनं घेतलं, राज्यावर आल्या, मग जिल्हा, मग राधानगरीच्या धरणाची सातही दारं, मग महापालिका, कचऱ्याच्या गाड्या, त्यांच्या बोळातली तुंबलेली गटार, तिची लांबी-रुंदी, आणि तिथनं सावकाश अमरदादांकडं वळल्या. हे देवा, ह्याची आई आमच्या दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा हा आठ पौंडांचा होता आणि मन साफ होतं. पंचावन्न मिनिटं. मधे दादांनी हात सोडवायचा एकदा प्रयत्न केला, पण चाळीस वर्षं इंजेक्शनं दिलेली पकड.

त्यांच्यामागनं पास्टर उभे राहिले. पास्टरांमागनं फादर. तिघं एकामागोमाग एक प्रार्थना करत होते आणि कुणी कुणाची चूक काढत नव्हतं, हे मोनानं बघितलं आणि पदर डोळ्याला लावला.

चार वाजून गेले. दादांच्या शेतावर आठशे माणसं पंगतीत बसली होती आणि नारळ फोडून सुरुवात करायला दादा पाहिजे होते. ऋतुराज मांडवाच्या कडेनं वाकून वाकून फोन दाखवत होता. आचारी विचारतोय, रस्सा आटाय लागला, काय करू. दादांच्या कपाळावर घाम. उठावं तर लाइव्ह चालू, शेवटपर्यंत असं आपल्याच तोंडानं बोललेलं, मोबाईलवर बघणारे वाढतच चाललेले.

मग दादा हळूहळू सरकत शमुवेलपाशी आले.

"शमू, मला हितनं काढ."

"कसं काढू?"

"कर की कायतरी. तुझ्यावाणी डोकं न्हाय कुणाचं गावात. म्हण, आईला चक्कर आली. म्हण, गोठ्याला आग लागली. तू बोललास की खरं वाटतं."

शमुवेलच्या अंगावर काटा आला. आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसानं त्याला थाप मारायची विनंती केली नव्हती. आई आणि गोठा तर पोरखेळ. त्याच्या डोक्यात एका क्षणात सात थापा उभ्या राहिल्या, तिसरीत तर घोडा होता. तीन ओळी पुढं मोना बसली होती. तिनं वळून बघितलं न्हाय, पण तिची मान ताठ झाली होती.

"दादा," तो म्हणाला, "आज माझा उपास हाय."

"तो सगळ्यांचाच हाय रे."

"न्हाय. माझा थापांचा हाय. सहापतोर." मग त्याला दादांची दया आली. "एक वाट हाय पण. खरं सांगून उठा. माईक घ्या आणि म्हणा, माझं मटण आटतंय."

दादा बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. चेहऱ्याखालचं हसू कुठं दिसतंय का ते शोधत होते. सापडलं न्हाय. मग त्यांना एकदम उमगलं असावं, की ह्या माणसानं दुपारपासनं आपल्याला एक शब्द खोटा सांगितलेला न्हाय. ते मुकाट जागेवर जाऊन बसले.

सव्वापाचला ऋतुराज परत आला. या खेपेला वाकला न्हाय, सरळ चालत आला. दादांच्या शेजारी बसून सांगितलं, जेवण सुरू झालं. माणसांनीच नारळ फोडला. दोन पंगती उठल्या.

दादांनी विचारलं, मी कुठं हाय म्हणून कुणी विचारलं?

ऋतुराज सतरंजीची दशी ओढत राहिला. विचारलं न्हाय म्हणाला. एकानं विचारलं, पण त्याला लिंबू पाहिजे होतं.

दादांनी मांडी सावरली. पुढची प्रार्थना पाळकसाहेबांची होती, आमेन म्हणायची वेळ आली तेव्हा दादांचा आवाज शेजाऱ्यांच्या आधी आला.

सहाला घंटा वाजली. पातेल्यांतनं भाताची पेज आली, वर मीठ आणि लोणच्याची फोड, आणि शालूबाईंसाठी आधी चहा. तिघं पाळक एका बाकड्यावर बसून एकाच ताटलीतलं लोणचं घेत होते. खिचडीचे डबे टेम्पोत तसेच होते, फक्त सहा कमी. ऋतुराजची दुपार लांबली होती.

मोना शमुवेलसमोर येऊन उभी राहिली. दादांना अडकवलं कुणी, असं तिनं विचारलं. त्यानं गळ्याला चिमटा घेऊन सांगितलं, मी तर दोनदा अडवलं. तिला पटेना. शालूबाईंनी चहाचा घोट घेऊन निकाल दिला, की त्यांनी सगळं आपल्या कानांनी ऐकलंय, माणूस दिवसभर खरं बोललाय, आणि असलं भयंकर काय त्यांनी ब्याऐंशी वर्षांत बघितलं न्हाय. मोना हसली. लग्नात हसली होती तशी.

पलीकडं अमरदादांनी पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरली होती. ओठांपाशी नेलीच होती, तेवढ्यात शमुवेल जाऊन त्यांच्या शेजारी बसला. चेहरा एकदम गंभीर.

"दादा, सांगायचं राहिलंच की," तो म्हणाला. "हा उपास तीन दिवसांचा हाय."

दादांनी एका शब्दानं शंका घेतली न्हाय. वाटी तशीच हळूच खाली ठेवली आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

मोनानं घड्याळ बघितलं. सहा वाजून दहा मिनिटं.