खाडीकडे पाठ

हेल्मेट कृष्णाबाईच्या डोक्यावर बसेना, कारण मागे अंबाडा आडवा येत होता. हिरामणने पट्टा सैल करून पाहिला, ओढून पाहिला आणि शेवटी हेल्मेट तिरकंच ठेवून समाधान मानलं. तळ्याकाठी आगीच्या पथकाच्या सरावाला जमलेली माणसं खो खो हसत होती. त्यांत कृष्णाबाईही होती आणि तिचंच हसणं सगळ्यांत मोठं होतं.

"काकी, तुमी नाय आलात तरी चालंल," हिरामण म्हणाला. "तुमच्या घराला सूट देऊ."

"जोलात कधी सूट घेतली का मी? मंग हितं कशाला घेऊ?"

हिरामणने तिच्या हनुवटीखाली पट्टा आवळला. जोळाचं नाव काढल्यावर गावात कोणीही तेच केलं असतं.

उंबरखार हे पेणच्या खाडीकाठचं गाव. गावाची शेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आणि खाडी अडवायला मातीचा एक लांबलचक बांध. बांध आहे म्हणून भात आहे आणि भात आहे म्हणून गाव आहे. बांधाला कुठे खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की गावात थाळी वाजते आणि घरटी एक माणूस फावडं-घमेलं घेऊन धावतो. घरात लग्न असो नाहीतर मयत, माणूस गेलाच पाहिजे. याला जोळ म्हणतात. हा नियम कोणी घातला ते कोणाला ठाऊक नाही, पण तो मोडायची छाती आजवर कोणाची झालेली नाही.

कृष्णाबाईचा नवरा पुंडलिक घरत गावाची उघाडी सांभाळायचा. उघाडी म्हणजे बांधातली दगडी मोरी. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती चढायच्या आत जाडजूड फळ्या बसवून ती बंद करायची. पुंडलिक गेला तेव्हा गावाने या घराला जोळ माफ केला. कृष्णाबाईने ते कानाआड केलं. तेराव्यानंतर तिने नवऱ्याचं फावडं उचललं आणि त्याबरोबर उघाडीही. आता तिची पन्नाशी उलटली होती. मुलगा धनेश रोह्याला कारखान्यात, तो शनिवारी यायचा. घरी ती आणि सून शांती. उघाडीला लागून असलेलं त्यांचं शेत गावात सगळ्यांत खालचं, पण घरातला वर्षाचा तांदूळ तिथूनच यायचा.

पुंडलिकची एक शिकवण तिने गाठीला बांधली होती. खाडीला पाठ दाखवायची नाही, ती मागून येते. बांधावर भाकरी खायला बसली तरी कृष्णाबाई खाडीकडे तोंड करून बसायची. बाया म्हणायच्या, काकी काय खाडीशी बोलते का गो? ती म्हणायची, बोलत नाय, नजर ठेवते.

आता या आगीच्या पथकाचं. हिरामण म्हात्रे नागोठण्याजवळच्या एका कंपनीत आगीच्या विभागात कंत्राटावर होता. काम पाइप धुण्याचं नि गुंडाळण्याचं, पण गावात त्याचा रुबाब साहेबाचा. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या पाड्यावर एक गोठा जळाला. पेणहून बंब निघाला, पण खारीतल्या, म्हणजे बांधाआतल्या शेतांतल्या, वाटेवर त्याचं चाक रुतलं. बंबाची तरी काय चूक, ती वाटच म्हशींची. तो पोचेपर्यंत राख गार झाली होती आणि दोन बैल गेले होते. हिरामणने ते मनाला लावून घेतलं. कंपनीने मोडीत काढलेला एक पंप, थोडे पाइप आणि काही हेल्मेटं त्याने हातापाया पडून मिळवली. पंप हातगाडीवर चढवला, गाडीला लाल रंग फासला आणि जोळाच्याच रिवाजाने घरटी एक माणूस घेऊन पथक उभं केलं. गावाने गाडीला 'हिरामणचा रथ' असं नाव ठेवून टाकलं. हिरामणने सगळ्यांना बजावून सांगितलं होतं की थाळी खांडीसाठी आणि आगीसाठी शिटी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मानेचं काय, ती डोलते.

आग लागली ती चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी. साल पंच्याण्णव. पोपट ठाकूर आपल्या शेतात राब भाजत होता. पेरणीची जागा भाजून काढायला पालापाचोळा आणि शेण पेटवतात, त्या दिवसांत सगळेच पेटवतात. पोपट पाणी प्यायला म्हणून झाडाखाली गेला आणि तेवढ्यात खाडीवरून वारा सुटला. राबातला विस्तव वाळल्या गवतात गेला, तिथून भाताच्या बुडख्यांत आणि बांधाबांधाने सरकत गावाकडे निघाला.

तो पहिल्यांदा पाहिला शांतीने. शिटी होती हिरामणच्या गळ्यात आणि हिरामण रातपाळी करून ढाराढूर झोपलेला. शांतीचे हात आपोआप तिकडे गेले जिकडे या गावातले हात पिढ्यान्‌पिढ्या गेले आहेत. तिने थाळी बडवली.

आणि सगळा गाव फावडी-घमेली घेऊन बांधावर पळाला.

वाटेत धूर दिसला नाही असं नाही. पण राबाच्या दिवसांत धुराकडे कोण बघतो? थाळी वाजली म्हणजे खांड. कृष्णाबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. खुद्द हिरामण झोपेतून उठून बनियनवर धावला होता, डोक्यावर हेल्मेट आणि हातात घमेलं. सगळे उघाडीपाशी उभे राहून खांड शोधायला लागले. पौर्णिमेचं उधाण भरलं होतं, पाणी बांधाच्या काठाशी आलं होतं, पण बांध जागच्या जागी धड होता. शंभर माणसं खाडीकडे डोळे लावून उभी आणि आग पाठीमागे. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

कोणाला तरी मान फिरवायची बुद्धी झाली. मग सगळ्यांनीच फिरवली आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

आगीची रांग शेतांच्या मध्यावर होती. तिच्या पलीकडे गावाची खळी, खळ्यांत वर्षाच्या पेंढ्याच्या उडव्या आणि उडव्यांना लागून पेंढ्याच्याच छपरांचे गोठे नि घरं. गावात राहिलं होतं कोण? म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं आणि दाव्याला बांधलेली गुरं. हिरामण भानावर आला. अर्ध्या माणसांना त्याने बांधावरून लांबच्या वाटेने गावात पिटाळलं, गुरं सोडा, म्हाताऱ्यांना उचला आणि रथ ओढ्याजवळ आणा म्हणून. पण रथ आणून करायचं काय? तळ्यात पाणी घोट्याएवढं, पंपाला गाळाशिवाय काही मिळालं नसतं. खळ्यांच्या पुढून वळसा घालून जाणारा ओढा ठणठणीत कोरडा, वाळल्या लव्हाळ्याने भरलेला. आग ओढ्यात उतरली की संपलं.

पाणी एकाच जागी होतं. ते फळ्यांना धडका देत होतं आणि त्याचा आवाज उभ्या माणसांतल्या प्रत्येकाला ऐकू येत होता. उघाडी मोकळी केली तर पाणी आधी कृष्णाबाईच्या शेतात भरणार आणि तिथून ओढ्यात उतरणार. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं त्यात दाणा होत नाही हेही सगळ्यांना ठाऊक. हिरामणने फळ्यांकडे पाहिलं, कृष्णाबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोणी शब्द काढला नाही. एकाच्या घरासाठी दुसऱ्याचं शेत मागायचं, हे कोणाच्या तोंडातून निघणार?

कृष्णाबाईला क्षणभर पुंडलिकचा राग आला. मेला सुखाने मरून गेला आणि ही चावी आपल्या हातात ठेवून गेला, असं तिला वाटलं. मग तिला आपलं शेत दिसलं, रोज दिसायचं तसंच, कोपऱ्यातल्या शेवग्यासकट. तिचं स्वतःचं घर इकडे बांधाच्या अंगाला होतं, आगीच्या वाटेवर नव्हतं. ते जळणार नव्हतं. जळणार होती ती दुसऱ्यांची.

"फल्या काढा," ती म्हणाली.

"काकी," हिरामणने तिला अडवलं. "तीन वर्सं दाना नाय व्हायचा."

"मना ठाव हाय. उघाडी मी संभालते, तू नाय."

पहिल्या फळीला लोखंडी आकडा तिनेच घातला. पाण्याच्या दाबाने फळी खाचेत अशी घट्ट बसली होती की चार बाप्यांनी जोर लावला तेव्हा ती हलली. मग दुसरी, मग तिसरी. आणि खाडी आत आली.

आयुष्यभर कृष्णाबाईने खाडीला बाहेर ठेवलं होतं. तिच्या सासऱ्याने, त्याच्या बापाने, सगळ्यांनी तेवढंच केलं होतं. तिला वाटलं होतं खाडी आत येईल ती चवताळून येईल. पण उघाडीच्या तोंडाशी ती एकदा मोठ्याने गरजली आणि पुढे पसरत पसरत, शांतपणे, जणू जागा ओळखीची असल्यासारखी चालत गेली. भेगाळलेल्या जमिनीतून बुडबुडे उठले. खेकडे बिळांतून वर आले. बघता बघता शेवग्याचं खोड पाण्यात उभं राहिलं आणि सगळं शेत आभाळाच्या रंगाचं झालं. कृष्णाबाईच्या अंगावर काटा आला. हे पाणी एवढं मोठं आहे, एवढं सुंदर आहे, आणि आपण इतकी वर्षं मूठमूठ मातीने त्याला अडवून धरलं होतं! तिने नकळत हात जोडले, पाण्याला की अडवणाऱ्यांना ते तिचं तिलाच कळलं नाही.

पाण्यामागोमाग माणसं धावली. फावडी-घमेली चुकून आणली होती, ती आता कामाला आली. खांड बुजवायला उभे राहतात तसेच ते रांगेत उभे राहिले आणि चिखलाचे गोळे हातोहात सरकायला लागले. कृष्णाबाईच्या शेताचा ओढ्याकडचा बांध फोडला आणि बाकीचे बांध चिखलाने चढवत नेले. बोलणं नाही, ओरडणं नाही, फक्त चिखल थापल्याचा आवाज. एकाही थेंबाने दुसऱ्याच्या शेतात पाऊल टाकलं नाही. खाडी एवढी मोठी, पण ती कृष्णाबाईचं शेत ओलांडून मुकाट ओढ्यात उतरली आणि खळ्यांना वळसा घालत आगीच्या आडवी गेली.

आग ओढ्याच्या काठाला आली तेव्हा पाणी तिथे जेमतेम गुडघाभर होतं. मोठा चर्रर आवाज झाला आणि वाफेचा पांढरा पडदा उठला. वाऱ्यावर चार ठिणग्या पलीकडे उडाल्या, एक उडवी पेटली. पण तोवर रथ पोचला होता. पाइप ओढ्यात पडला, पंप ठसकला, खोकला आणि त्याने अशी पिचकारी सोडली की उडवी विझली आणि पाठीमागचं पोपट ठाकूरचं घर आढ्यापर्यंत भिजलं. पोपट त्या भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. त्याला कोणी बोल लावला नाही.

ओहोटीला कृष्णाबाईने पाणी बाहेर सोडलं आणि फळ्या पुन्हा बसवल्या. खाऱ्या पाण्याने पंपाचं पोट खाल्लं, पावसाआधीच तो जाम झाला. शनिवारी धनेश आला. शेताच्या कडेला बसून त्याने मातीला बोट लावलं. जमिनीवर मिठाची पांढरी साय धरली होती.

"तुला कोनी इचारलं तरी का?" त्याने आईला विचारलं.

"इचारलं नाय म्हणून तं दिलं," ती म्हणाली.

पाऊस झाला, लावण्या झाल्या, सगळी खार हिरवीगार झाली. मध्ये एकच तुकडा उघडा राहिला. कृष्णाबाई रोजच्यासारखी उघाडीवर जायची, येताना त्या तुकड्याकडे बघायची नाही.

दिवाळीनंतर कापण्या उरकल्या. एका सकाळी ती अंगणात आली तर तिच्या रिकाम्या खळ्यात भाताचे भारे रचलेले. भारे वेगवेगळ्या हातांनी बांधलेले होते, कोणी घट्ट, कोणी ढिले. एक तर इतका बेंगरूळ की तो पोपटचाच असणार. ती तरातरा हिरामणकडे गेली. भीक घालता का मला, असं तिने त्याला विचारलं.

"भीक नाय काकी, जोल हाय," हिरामण म्हणाला. "घरटी एक. जोलाला सूट नसते, तुमीच सांगितलंत."

ती परत आली. शांतीला म्हणाली, भारे झाकून ठेव गो, दव पडतंय. मग तिने पुंडलिकचं फावडं आणि घमेलं उचललं. घरटी एक म्हणजे तिच्याही घराचं एक लागू होतं, आणि तिच्याकडे भारा नव्हता. ती उघाडीपाशी गेली, चिखलाने घमेलं भरलं आणि बांधाच्या खचलेल्या कडेवर नेऊन ओतलं. हाताने थापून, चोपून, गुळगुळीत केलं.

भरती चढत होती. कृष्णाबाई बांधावर बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती खाडीकडे पाठ करून बसली. समोर ओढ्यापलीकडे गावाच्या नव्या उडव्या उभ्या होत्या, पिवळ्याधमक, एकीला एक लागून. उन्हं वर येईपर्यंत ती त्यांच्याकडे बघत राहिली.