कपाटातला साहेब

मित्रांनो, मला दात आहेत. पण आयुष्यात मी फारसे काही चावलेले नाही. मी एक जुना परदेशी गिअर आहे, ट्रकच्या पोटात फिरण्यासाठी घडवलेले दातेरी चाक. माझी उमेदीची वर्षे मात्र खोपोलीच्या शिळफाट्यावरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात, काचेच्या कपाटात गेली.

साठ-बासष्टच्या सुमारास परदेशी सुटे भाग मिळेनासे झाले. बोरघाटात गिअर मोडलेले ट्रक खोपोलीत तसेच पडून राहत. तेव्हा बुधाजीने आपल्या भातशेतीच्या कडेला कारखाना उभारला आणि मला नमुना म्हणून आणले. माझ्याबरहुकूम गिअर इथेच घडवायचे, असे त्याच्या मनात होते. मशीनवर मोहियुद्दीन असे. मला मखमलीवरून उचलण्याआधी तो हात धुई. सगळे मला 'सायब' म्हणत.

इतका मान मिळूनही मी जळत असे. माझ्यासमोर काळ्या, ओबडधोबड पोलादाला माझे रूप येई. मी तिथेच राही आणि ती माझी नक्कल ट्रकमध्ये बसून घाटाला जाई. परत येई तेव्हा तिच्या अंगाला रस्त्याचा वास असे. माझ्या अंगाला नुसत्या ग्रीसचा. मग पोशा ड्रायव्हर सांगे की चढावर हा गिअर रडतो, आणि माझे मन गुपचूप सुखावे. नक्कल ती नक्कलच, असे मी स्वतःला बजावत असे.

ते रडणे कारखान्याच्या मुळावर आले होते. ट्रक बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा माणूस पारख करायला येणार होता. गिअर आवाज न करता घाट चढला, तर कायमचे काम. नाहीतर दाराला कुलूप. मोहियुद्दीन माझ्याशी ताडून पुन्हा पुन्हा नवा गिअर घडवी. तो हुबेहूब माझ्यासारखा होई, आणि घाटात रडे. बुधाजी मोहियुद्दीनवरच चिडू लागला.

शेवटी, दातांवर कानस फिरवणारी अंबूबाई बुधाजीला म्हणाली, "भाय, ह्या सायबालाच एकदा जुंप ना. कवापासून बसलाय जावयासारका."

एकुलता नमुना मोडला तर काय, म्हणून बुधाजीने पुष्कळ आढेवेढे घेतले. मी मात्र हरखून गेलो होतो. खरा गिअर कसा चालतो ते आता सगळ्यांनी ऐकावे, असे मला वाटत होते.

अखेर मला ट्रकमध्ये बसवले, आणि घाटाचा चढ लागला. ओझे दातांवर आले. आयुष्यभर वाट पाहिलेले ते ओझे किती जड होते, आणि किती गोड. मग कुठूनसा एक बारीक हुंदका ऐकू आला. मी शोध घेतला. तो माझाच होता.

पोशाने ट्रक कडेला घेतला. "बुधाजी, सायब पन रडतोय रं."

मोहियुद्दीन हसला नाही. "आमी त्याची खोड पन इमानानं उतरवली," एवढेच तो म्हणाला.

माझे दात जन्मतःच किंचित तिरके होते, मित्रांनो. मला ते ठाऊक नव्हते. मोहियुद्दीनने मला बाहेर काढले आणि पुन्हा माझ्याकडे पाहून दात कापले नाहीत. जोडीच्या चाकाला निळा रंग फासून दात कुठे घासतात ते त्याने पाहिले, आणि तेवढाच आकार सुधारला. तो गिअर मुकाट घाट चढला. काम मिळाले.

पुढे, ऐंशीच्या सुमारास, त्या गिअरची धाकटी भावंडे जहाजाने माझ्या मुलखाला निघाली. त्यांच्या पेट्यांना खिळे ठोकताना मी पाहत होतो. त्या दिवशी मत्सर माझ्या अंगावर गंजासारखा चढला.

आता वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्यापाशी ठेवतात. कपाटात, मखमलीवर, तो न रडलेला पहिला गिअर बसला आहे. लोक हात धुऊन त्याला उचलतात. घाटात जाणाऱ्या प्रत्येकाचा मला अजून हेवा वाटतो; त्याच्या एकट्याचा वाटत नाही. म्हणून एक विनंती करतो. त्याला नुसते पुसत बसू नका. अधूनमधून ट्रकला जोडून घाटात न्या, आणि काचा खाली करून नीट ऐका.