सगळ्यात आखूड दोरा

धुळ्यातल्या त्या छोट्या हॉस्पिटलसमोरच्या लिंबाखाली सकाळपासून रांग लागायची. आत डॉक्टर रक्त तपासत, फोटो काढत, तरी ‘बघू’ म्हणत. बाहेर दोरेवाले महाराज लाल दोरा नुसता उचलून रोग किती उरला ते सांगत. डॉक्टरांची शिकायची वर्षं वायाच गेली म्हणायची.

रीत सोपी होती. भेटीच्या वेळी पेशंटच्या दंडाला दोरा गुंडाळायचा, टोकं जुळतील तिथे कापायचा, महाराजांना आणून द्यायचा. रोजचा दोरा कालच्यापेक्षा आखूड.

“रोग सूतभर सरला,” महाराज म्हणत. “अन्न म्हणजे रोगाचा खुराक. उपाशी ठेवा, पळतो की नाही बघा.” स्वतः महाराज मात्र रोगाला अजिबात न भिता समोर आलेल्या पेढ्यांचा समाचार घेत.

प्रज्ञा नरडाण्याहून आली तेव्हा तिची आई झुंबरबाई त्याच रांगेत होती. वडील मोतीलाल न्यूमोनियाने बेशुद्ध, श्वासाच्या मशीनवर. झुंबरबाई देवपुरात बहिणीकडे राहून त्यांच्या नळीतून द्यायचं खाणं थर्मासमध्ये आणायची. या हॉस्पिटलात ते घरूनच यायचं.

“पाह्य, तुना बापना दोरा,” ती खुशीत म्हणाली. “नऊ दिनमा दीड बोट कमी व्हयना. रोग निंघी ऱ्हायना.”

प्रज्ञाचा शिलाईचा धंदा. वडिलांच्या दंडाचं माप तिला पाठ होतं: बारा इंच. गोदामात पोती उचलून कमावलेला दंड. बाही नेहमी सैल कापावी लागायची. आत जाऊन तिने पर्समधली टेप लावली. पावणेअकरा. बोटांना कातडीखाली हाडच लागलं.

मग तिने थर्मास उघडला. पांढरीफटक साबुदाण्याची पेज, वर अंगाऱ्याची चिमूट.

आहार ठरवणाऱ्या हेमांगी मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं: डाळीचं वरण, दूध, अंड्यातला पांढरा भाग, प्रथिनांची पावडर. तो कागद आईच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला होता. प्रज्ञाने नेऊन दाखवलेली पेज बघून मॅडम खुर्चीत बसल्या.

“म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “दोनदा मशीन काढून बघितलं, तासाभरात दमले. सोमवारी डॉक्टर परत बघणार आहेत. तेव्हाही नाही जमलं तर...” प्रज्ञाने थर्मास बंद करून उचलला.

ती त्यांना घेऊनच लिंबाखाली गेली.

“महाराज, तुमच्याकडे सगळ्यात जास्त बरा कोण झाला?”

महाराज खूश. प्रत्येक पेशंटचा शेवटचा दोरा त्यांनी डोक्यावरच्या छत्रीच्या काड्यांना टांगला होता. त्यातला एक त्यांनी उचलला. “हा बघा. वीतभरही उरला नाही. रोग साफ.”

गर्दीत मागे एक बाई हातात कागदांची पिशवी घेऊन उभी होती. प्रमिलाबाई. परवापर्यंत झुंबरबाईच्या शेजारी बाकावर बसणारी.

“त्याले हिरवा मणी शे ना?” तिने विचारलं. “मीच बांधेल शे. तो दोरा मना मालकना शे. परवा गयात त्या.”

महाराजांनी मणी बघितला, दोरा बघितला. “रोग तर गेलाच ना,” ते पुटपुटले. कुणी हसलं नाही.

“दोरा खरंच सांगत होता,” हेमांगी मॅडम म्हणाल्या. “दंडातलं मांस झिजत होतं. मोठ्या आजारात शरीर आपलंच मांस मोडून खातं. डाळ, दूध, अंड्यातली प्रथिनं मिळाली तर झीज कमी होते. साबुदाण्यात ती नसल्यासारखीच. आणि श्वास घ्यायलाही मांसच लागतं. ते झिजलं की मशीन सुटत नाही. कुणाला किती द्यायचं ते आम्ही आजार बघून ठरवतो. पण बंद नका करू.”

झुंबरबाई खाली बसली. “म्हंजे नऊ दिन मी त्यासले उपाशी ठेवं?”

घरात भिंतीवर बाबासाहेब, आणि पिशवीत हा दोरा; प्रज्ञाच्या तोंडात टोमणा तयार होता. आईचा चेहरा बघून तिने तो गिळला. थर्मास रस्त्याकडेला ओतून दिला आणि म्हणाली, “चल माय, डाळ शिजवू.”

महाराज दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत. चाळीसगावच्या बाजूला दोरे खपू लागलेत, असं ऐकू येतं. तिकडे कुणी तुमच्यासमोर दोरा धरून ‘कमी झालं’ म्हणालं, तर एवढंच विचारा: काय कमी झालं? आणि तोच प्रश्न आत जाऊन डॉक्टरांनाही विचारा. विचारायला नवस लागत नाही.

चमत्कार झाला नाही. सोमवारी मशीन काढून बघायचं ते पुढे ढकललं गेलं. झुंबरबाई रोज कागद समोर ठेवून मोजून मापून शिजवत राहिली, हातपाय हलवून व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपीचा मुलगा रोज येत राहिला. दंड भरला नाही, फक्त टेप पावणेअकरावर थांबली. डाळ सुरू झाल्यापासून बाराव्या दिवशी मशीन निघालं आणि निघालेलंच राहिलं.

घरचा शर्ट घातल्यावर मोतीलालांनी बाहीत बोटं घालून बघितली. घशातून कसाबसा आवाज काढत म्हणाले, “प्रज्ञा, बाही ढिली व्हई गई.”

“मी नाही ती आत घेणार, आप्पा,” ती म्हणाली. “तुम्हीच भरा.”

झुंबरबाईने अंडं सोलायला घेतलं.