डाव्या हाताची गाठ

उजव्या हाताची सवय लागावी म्हणून आईने लहानपणी मला पुष्कळ चिमटे काढले, पण मी डावरीच राहिले. त्यामुळे माझी गाठ उलटी पडते. ऑफिसात बसणारे साहेब सोडले, तर हे आमच्या यार्डात सगळ्यांना ठाऊक आहे.

कारध्याजवळच्या या यार्डात जमिनीखाली घालायचे पाइप येतात. निळ्या रेघेचे पाण्याचे, केशरी रेघेचे केबलचे. जाडी बघून ते वेगळे करायचे, तोंडं बंद करायची, बांधून ट्रकवर चढवायचे. मी, रत्नमाला, बारा वर्षं हेच करते आणि माझ्या पॅकिंगला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाही.

त्या दिवशी तोंडाची टोपणं संपली. आमच्याकडे धानाच्या तणसाला, म्हणजे पेंढ्याला, काय तोटा! गाठ मारून बोळे केले, पाइपांत कोंबले आणि प्रत्येकाची हातभर शेपटी बाहेर ठेवली. पाइप जोडणाऱ्याला ती दिसावी, ओढून काढता यावी, एवढ्यासाठी.

ट्रकवाला इश्वर हसत सुटला. "काय बाई, पाइप पाठवून राहिल्या का म्हशीचा चारा?"

माझं डोकं फिरलं. विळा घेतला आणि सगळ्या शेपट्या कापून टाकल्या.

"मावशी, आता बोळा दिसन कसा?" चिठ्ठ्या लावणारी रुचिता म्हणाली.

"तू आपल्या चिठ्ठ्या लाव," मी खेकसले. तिने तपासल्याची सही केली. ट्रक गेला.

महिन्याभराने कळलं, एका गावात नळाला पाणीच येत नाही. आठ दिवस बाया तळ्यावरून हंड्या-गुंडांनी पाणी वाहत होत्या. शेवटी रस्ता खोदला, तर एका पाइपात बोळा. तो प्लास्टिकच्या पिशवीतून साहेबांच्या टेबलावर आला.

"तपासल्याची सही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

पिशवीतली गाठ चिखलाने काळी झाली होती, पण उलटी होती. रुचिताने वाकून ती पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझी," ती म्हणाली.

"उद्यापासून येऊ नको."

मी उभी होते. तोंड होतं, जीभ होती, आणि मी गप्प बसले. बारा वर्षांचं नाव जाईल, एवढंच डोक्यात आलं. मला माझीच लाज वाटते.

तीन दिवस घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी तिच्या घरी गेले. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती.

"रुचिता, तो बोळा माझा होता," मी एका दमात सांगून टाकलं.

"मले मालूम हाय, मावशी. गाठ पाहिली ना मी."

"मंग काहून नाही बोलली वं?"

तिने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "मले वाटलं, तुमी सोताहून सांगान."

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूठभर तणस घेऊन मी साहेबांच्या ऑफिसात गेले. ती पिशवी कपाटावर पडलेली होती. मी ती खाली काढून टेबलावर ठेवली. "काय आहे?" साहेब म्हणाले. मी मूठ उघडली. त्यांच्यासमोर डाव्या हाताने तशीच उलटी गाठ मारली आणि पिशवीशेजारी ठेवली.