साहेबांच्या मिसेसचा शंख

शंखाची नवी जात सापडली की तिला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा आमच्या धंद्यात रिवाज आहे. कायदा नाही, पण दिलंच कुणी तर सगळे जन्मभर हसतात. म्हणजे नाव दुसऱ्यानं द्यायला हवं. मी आणि आमचे हे संग्रहालयाच्या एकाच खोलीत शंख ओळखायचं काम करायचो, त्यामुळे आमची सोय घरातच होती. लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं: ह्यांना सापडलं तर मी लिहायचं, मला सापडलं तर ह्यांनी.

आधी ह्यांना सापडला. रुंद ओठाचा शंख. ह्या शंखांच्या ओठाला खालच्या टोकाशी एक खाच असते. आतला प्राणी तिच्यातून डोळा बाहेर काढून बघतो. ह्यांच्या शंखाची खाच भलतीच खोल होती. मी कपाटातले त्याचे सगळे जातभाई बाहेर काढून मापं घेतली, लेख लिहिला आणि ह्यांचं नाव दिलं. त्यानंतर कितीतरी दिवस हे आरशासमोर जरा जास्तच वेळ भांग पाडत होते.

माझी पाळी येईपर्यंत केस पिकले. हार्प शंखांच्या जाती मुळात मोजक्या, त्याही जुन्या लोकांनी लिहून ठेवलेल्या. एकदा कोळ्यांच्या जाळ्यातून आलेल्या ढिगात एक हार्प हाती लागला. अंगावर तारा ओढल्यासारख्या उभ्या धारा होत्या, पण त्या सगळ्याच हार्पना असतात. खरी ओळख पटते पोटाकडच्या तपकिरी डागावरून. कुणाला एकच मोठा, कुणाला दोन-तीन तुटक. ह्याला डागच नव्हता. रंग उडाला असेल म्हणून भिंगाखाली धरला, तर झळाळी शाबूत. पुढे तसेच आणखी मिळाले तेव्हा मला चक्क रडू आलं.

मापं मी घेतली, फोटो मी काढले, आणि सगळं ह्यांच्या हवाली केलं.

ह्यांच्या लेखाचा अंक छापून आल्याचं ह्यांनी सांगितलंच नाही. जेवताना मीच विचारलं, "अंक आला वाटतं?"

"आला ना. कागद काय सुंदर वापरलाय गं या वेळी!"

ताकाला जाऊन भांडं लपवायची ह्यांची सवय जुनी. मी अंक ओढून घेतला. हार्पला साहेबांच्या मिसेसचं नाव होतं. शेवटी, बारीक अक्षरांत, मापं घ्यायला मदत केल्याबद्दल माझे आभार.

"साहेब निवृत्त होतायत," हे ताटाकडे बघत म्हणाले. "त्यांच्या जागी कोण, ते तेच सुचवणार. पुढच्या वेळी तुझं नक्की."

"पुढच्या वेळी? हार्प काय झाडाला लागतात?"

"आता छापलंय ते. बदलता येत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतं, म्हणून तर जीव जळत होता. परक्यानं तोंडाला पानं पुसली तर चार लोकांत ओरडता येतं. नवऱ्यानं पुसल्यावर कुणाला सांगायचं?

पुढच्या आठवड्यात साहेबांच्या मिसेस बहिणीला घेऊन खोलीत हजर. "माझा शंख कुठाय?" मी खण उघडला. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर बाई मनानं वाईट नव्हत्या. त्याचाच मला जास्त राग आला.

"किती गोड आहे हो! आणि तुमच्या ह्यांच्याही नावाचा एक आहे म्हणे?"

ह्यांनी लगबगीनं आपला खण ओढला.

"आणि तुमच्या नावाचा कोणता, वहिनी?"

मी तोंड उघडायच्या आत हे हसून म्हणाले, "हिला नावाची हौस नाही."

"होती," मी म्हणाले. "फार होती. तुमच्या हातातला शंख मला सापडलाय."

बाईंनी चटका बसल्यासारखा शंख खाली ठेवला. बहीण उगाच छताकडे बघायला लागली. "चहा सांगतो," म्हणून हे जे गेले ते आलेच नाहीत. "मला कुणी सांगितलंच नाही हो," बाई दारातून म्हणाल्या. खरंच सांगितलं नसणार.

ह्यांना जागा मिळाली. आता हे काचेच्या केबिनमध्ये बसतात. परवा ओळखायला एक खोकं आलं, त्यात हार्प होता. मी धारा मोजल्या, पालथा केला. पोट कोरं.

"काय निघालं गं?" ह्यांनी केबिनमधून विचारलं.

दुसऱ्या कुठल्याही हार्पचं नाव सांगितलं असतं तरी हे उठून बघायला आले नसते. मी शंख पुन्हा एकदा उजेडात धरला, आणि मोठ्यानं साहेबांच्या मिसेसचं नाव सांगितलं. दुसरं काही सांगितलं असतं तर ते चुकीचं झालं असतं.