दादाची फळी

फळी आधीच्या गावात राहिली हे मला हॉलच्या मागच्या दारात कळलं. तेव्हा माझ्या कवेत माझ्याहून उंच डबल बास होता, उभ्याने वाजवायचं ते भलंथोरलं तंतुवाद्य, आणि कमरेत उसण भरली होती. ड्रायव्हरने गाडीतलं सगळं सामान बाहेर काढलं, ड्रमच्या पेट्या, स्टँड, इस्त्री, मास्तरांचे कोट. मग रिकाम्या गाडीत डोकं घालून तो तसाच वाकून राहिला. मला वाटलं, याला चक्करबिक्कर आली की काय.

"ताई, तुमचं ते लाकूड दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"मी भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या हॉलवाल्यांनी आपलंच समजून आत नेलं असणार."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "स्वतःचं डोकं नाही ना आलास टेकवून?" असं मी त्याला चारचौघांत विचारलं. तो पहाटेपासून गाडी चालवत होता, डोळे तांबारलेले. त्याने मुकाट्याने ऐकून घेतलं. आमच्या बँडमध्ये आता सगळेच सगळं ऐकून घेतात. भांडायला जी ताकद लागते ती कुणाकडे उरलेली नाही.

आम्ही नाचाची गाणी वाजवतो. स्विंग आणि रिदम अँड ब्लूज, म्हणजे ज्या गाण्यांवर आजचे आजी-आजोबा तरुणपणी एकमेकांच्या प्रेमात पडले ती. रविवारी दुपारी कुठल्या तरी सभागृहात खुर्च्या बाजूला सारतात आणि ही मंडळी गुडघे सांभाळत नाचतात. मास्तर सॅक्सोफोन वाजवतात आणि गातात. बँड त्यांचा. एक पियानोवाला आहे, दोन ट्रम्पेटवाले आहेत. एकेकाळी त्यांतला एक माझा नवरा होता. तो वारल्यावर मास्तरांनी दुसरा माणूस आणला, कोट मात्र तोच दिला, बाह्या आखूड करून. आणि ड्रमवर दादा, माझा सख्खा मोठा भाऊ. मी पन्नाशी ओलांडली तरी तो मला चिमणी म्हणतो. एवढं धूड कवेत घेऊन जिने चढणारी चिमणी!

दादाला ऐकू येत नाही. हे वाक्य मी कधी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, त्याच्यापुढे तर नाहीच. हळूहळू गेलं त्याचं. आधी कुणी मागून हाक मारली तर त्याने वळायचं सोडलं, आणि लोक म्हणायला लागले की ड्रमवाला भलता गर्विष्ठ आहे. मग वहिनीचे फोन तो माझ्या हातात द्यायला लागला, "तूच बोल, मला कंटाळा येतो." मला समजायचं ते समजलं. मास्तरांना कळलं असतं तर त्यांनी त्याच आठवड्यात त्याला घरी पाठवलं असतं, आणि ड्रम काढून घेतलेला दादा मला डोळ्यांपुढे आणवत नव्हता. लहानपणापासून हा माणूस जेवतानासुद्धा बोटांनी ताटाच्या काठावर वाजवत आला आहे.

म्हणून मी फळी आणली. एका लॉजच्या मालकाने मोडीत काढलेलं कपाटाचं दार होतं ते, जाड, जुन्या लाकडाचं. बासच्या बुडाला लोखंडी टोक असतं. ते त्या दारावर टेकवायचं आणि त्याच दाराच्या दुसऱ्या टोकाला दादाचं स्टूल ठेवायचं. मी तार छेडली की थरथर लाकडातून त्याच्या पायापर्यंत जायची. दादा तेव्हापासून उजव्या पायातला बूट काढून नुसत्या मोज्याने वाजवायला लागला. माझी खात्रीच पटली. तळपायाने ऐकतोय, असं मी मनात म्हणायचे आणि मला भरून यायचं. बँडमध्ये विचारलं तर सांगायचे की गुळगुळीत फरशीवर माझं टोक घसरतं. तेव्हापासून ते दार घेऊन आम्ही गावोगाव हिंडत होतो, आणि त्यावरून दादाशी माझं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

आज फळी नव्हती. मंच बघायला गेले तर तो सिमेंटचा. वर टाइल्स. मी टाच आपटून पाहिली, तिथून काही म्हणजे काही उठत नव्हतं. माझं धाबं दणाणलं. लाकडी मंच असता तरी कसंबसं निभावलं असतं.

हॉलच्या रखवालदाराकडे गेले. त्याला म्हटलं, एखादं दार, टेबलाची फळी, काहीही द्या.

"बाई, दार काढून देऊ? मग कुलूप कशाला लावू?" त्याने खरंच विचारलं. त्याच्या जागी मीही तेच विचारलं असतं. स्वयंपाकघरामागे एक नोटीस बोर्ड सापडला, पण तो भुशाचा निघाला, हाताने दाबला तर खळगा पडला. परत येऊन मी मंचाच्या पायरीवर बसले. दादा शांतपणे झांजा बसवत होता. त्याने टाइल्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा स्क्रू पिळायला लागला. मला वाटलं, कळलंय याला, आणि मनातून घाबरलाय.

आणि नेमका आजच मला एका शाळेला होकार किंवा नकार कळवायचा होता. मुलांना संगीत शिकवायची नोकरी. शाळेमागे दोन खोल्या, खिडकीत ऊन येणाऱ्या. मी जाऊन बघून आले होते. त्या खोल्यांत एक लोखंडी पलंग होता, आणि मुख्याध्यापिका बाई आतलं काय काय दाखवत होत्या तेव्हा माझं लक्ष सगळं त्या पलंगावर. रोज त्याच पलंगावर झोपायचं! रोज उठल्यावर मोरी कुठल्या बाजूला ते आठवावं लागणार नाही! कुणाला हसू येईल, पण मला तेवढंच हवं होतं. थकले होते मी. दुसऱ्यांच्या उशांना, सामानाच्या खोलीत साडीच्या पिना शोधण्याला, सगळ्याला.

बाईंनी सांगून ठेवलं होतं की रविवारी दुपारपर्यंत कळवा, सोमवारी दुसऱ्यांना विचारायचंय. मी येताना गाडीत ठरवलं होतं की हो म्हणायचं. दादाची काहीतरी सोय लावू, नव्या बासवाल्याला फळीचं समजावून सांगू. पण त्या सिमेंटवर उभी राहिले आणि मला दिसलं की असं कुणाला काय समजावणार? एक फळी हरवली तर माझी ही गत झाली. मी गेले तर या माणसाचं काय होईल?

मोरीच्या बाजूच्या बोळात उभी राहून मी फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "अरेरे, मला तुम्हीच हव्या होतात." मी म्हटलं, घरची अडचण आहे. फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं, काजळ नीट केलं आणि वाजवायला गेले.

पहिल्या गाण्याला मी जिवाच्या आकांताने बास वाजवत होते, नेहमीपेक्षा दुप्पट जोराने, जणू सिमेंटला फोडून आवाज पलीकडे घालायचा होता. मास्तरांनी वळून एकदा डोळे वटारले. आणि दादा? दादा वाजवत होता. रोजच्यासारखा, सावकाश, खांदे सैल सोडून. ठेका जिथल्या तिथे पडत होता. दुसरं गाणं झालं, तिसरं झालं. एका गाण्यात सगळे थांबतात, मी एकटी थोडं वाजवते आणि मग त्याने एका फटक्यात सगळ्यांना आत घ्यायचं असतं. तिथे मी डोळेच मिटून घेतले. फटका पडला, बरोब्बर. खाली म्हातारी मंडळी गोल फिरत होती, एका आजोबांनी आजीला गिरकी द्यायचा प्रयत्न केला आणि दोघं हसत एकमेकांना धरून उभी राहिली. मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं, पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हा वाजवतोय कशावर?

कार्यक्रम संपला तेव्हा उन्हं अजून खिडकीत होती. आम्हाला कपडे बदलायला दिलेल्या खोलीत भिंतभर आरसा होता, बहुतेक नाच शिकवायची खोली असावी. दादा स्टुलावर बसून घाम पुसत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बासवर कापड चढवत होते. त्याच्याकडे पाठ असली की मी कधीकधी मोठ्याने बोलते. ही सवय मला लागली होती, कुणाजवळ तरी बोलायला हवं ना. त्या दिवशीही बोलले, आणि रागाने बोलले.

"आज तुझ्यासाठी नोकरी सोडली मी. शाळेतली. दोन खोल्या होत्या, पलंग होता. आणि तू बसलायस मजेत घाम पुसत."

"कसली नोकरी?" दादा म्हणाला.

मी गर्रकन वळले. तो आरशात बघत होता. आरशात माझं तोंड त्याला समोर दिसत होतं.

"ओठ वाचतोस तू?"

"मग काय करू? तू तर पाठ फिरवून काय काय बोलतेस. आरसा असला की तेवढं कळतं."

किती ठिकाणी आरसे होते, आणि मी त्याला काय काय बोलले होते, ते मला एकदम आठवायला लागलं. मी त्याच्यासमोर तोंड धरून विचारलं, "आज कसं वाजवलंस? फळी नव्हती."

"फळीचं काय?"

"फळीतून तुला कळायचं ना? पायातून? म्हणून तर तू बूट काढायचास."

दादाने उजवा पाय पुढे केला आणि मोजा खाली ओढला. करंगळीवर भलंमोठं कुरूप होतं. "चावतो तो बूट, चिमे. मास्तर सगळ्यांना एकाच दुकानातले घेतात."

"म्हणजे फळीतून काहीच..."

"काही नाही. पहिल्या दिवसापासून काही नाही. मोठा ढोल मी पायानेच वाजवत असतो, त्यात तुझी थरथर कुठे कळणार?" तो हे अगदी साधेपणाने म्हणाला. "मी तुझा उजवा खांदा बघतो. सूर निघायच्या आधी तो जरासा खाली जातो. मास्तर गाणं संपवायच्या आधी टाच उचलतात. बस, तेवढं पुरतं."

"माझ्या जागी दुसरं कुणी असेल तर?"

"मग नाही जमणार," दादा म्हणाला.

मला हसावं की त्याच्या डोक्यात तो नोटीस बोर्ड घालावा ते कळेना. "मग सांगितलं का नाहीस? ते दार मी जिन्यांवरून ओढत होते, माझ्या कमरेचा भुगा झाला!"

"तुझा नवरा गेला होता नुकता. तू दिवसदिवस जेवत नव्हतीस. आणि एक दिवस ते दार घेऊन आलीस, घामाघूम, आणि मला म्हणालीस, इथे बस. किती दिवसांनी तुझ्या अंगात काहीतरी करायची उभारी आली होती. मी बसलो." त्याने मोजा वर ओढला. "तुझी वहिनी केव्हाची म्हणतेय, पुरे आता, घरी या. मलाही नको झालंय गं हे. पाठ धरते, तासभर डोळ्यांत तेल घालून तुझा खांदा बघायचा म्हणजे डोकं फुटायला येतं. पण मी थांबलो तर तू कुठे जाशील? या बँडशिवाय तुला आहे काय? म्हणून म्हटलं, चिमणी वाजवतेय तोवर वाजवू."

मला रडू आलं नाही. राग आला, त्याचा आणि माझा. एवढी वर्षं दोघांनी एकमेकांसाठी ओझी वाहिली, आणि दोघांनाही ती टाकायची होती. नुसतं विचारायचं होतं, तोंड समोर करून. शाळेत आता सोमवारी दुसरं कुणी जाईल आणि त्या पलंगावर निजेल. ते गेलं ते गेलंच.

दार वाजलं. मास्तरांनी नुसतं डोकं आत घातलं. मागे हॉलमध्ये खुर्च्या फरफटत होत्या, नुसता कल्लोळ चालला होता. मास्तरांनी कोट काढला की ते एकदम म्हातारे दिसतात.

"ताई, पुढच्या दौऱ्याचं पक्कं करून टाकतो," ते ओरडून म्हणाले. "तुमचं दोघांचं हो ना?"

दर दौऱ्याआधी ते असंच विचारत आणि मी दोघांच्या वतीने हो म्हणत असे. आताही ते अर्धे वळलेच होते. मी दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता, मंचावर बघतो तसा, एकटक. मला फार भीती वाटली. शाळा नाही, घर नाही, आणि बासशिवाय मला काही येत नाही. तरी मी म्हटलं. ओठ हलले, आवाज असा निघालाच नाही.

"काय म्हणालात?" मास्तरांनी कानाशी हात नेला. "काही ऐकू येत नाही इथे!"

"नाही म्हणतेय ती," दादा म्हणाला. "आमचं दोघांचंही नाही."