समुद्रापलीकडची टिचकी

एकोणीस वर्षं सकाळी सात ते दहा जुनी गाणी लावणाऱ्या ताईंचा तो शेवटचा दिवस होता. सोमवारपासून रेडिओ स्टेशनवर फक्त नवी गाणी वाजणार होती, तीही निवेदकाशिवाय. कोणत्या गाण्यामागून कोणतं, ते संगणक ठरवणार. ताईंच्या वाट्याला आता तासातासाला हवामान वाचणं तेवढं उरलं होतं. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा ताई "बरं" म्हणाल्या होत्या आणि घरी जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली होती.

आठच्या सुमाराला फोन वाजला.

"ताई, मी नर्स आहे. समुद्रापलीकडून बोलतेय. ड्युटीआधी गाडीत रेडिओ लावला, तर तुम्ही!"

ताईंना हसू आलं. स्टेशनचा आवाज चाळीस किलोमीटरच्या पुढे जायचा नाही, घाट लागला की खरखर सुरू. "अगं, शेवटच्या दिवशी माझी फिरकी घेतेस होय?"

"शप्पथ! मी तुमच्याच गावची. लग्न होऊन इकडे आले. या आकड्यावर एरवी इथे काहीच लागत नाही."

साहेब दारातच उभे होते. "इंटरनेटवर ऐकत असेल."

"आपण इंटरनेटवर आहोतच कुठे?" तारमास्तर म्हणाले. वायरी जोडण्यात हयात गेलेले हे इंजिनिअर. चष्मा कपाळावर ठेवून दिवसभर चष्माच शोधायचे.

ताईंनी गाण्याचा आवाज उतरवला आणि माइकवर म्हणाल्या, "मंडळी, मी आता माइकवर टिचक्या मारणार आहे. पलीकडच्या बाईंनी मोजायच्या." फोनमधून काही ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी म्यूटचं बटण दाबलं आणि नखाने पाच टिचक्या मारल्या. मग घसा खाकरून फोन पुन्हा चालू केला.

"पाच," नर्स म्हणाली. "आणि शेवटी तुम्ही खाकरलात."

ताईंनी वळून तारमास्तरांकडे बघितलं. ते चष्मा शोधायचं विसरले होते.

"पाण्यावर गार हवा आणि तिच्यावर गरम हवेचा थर," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मध्ये बोगद्यासारखी वाट होते. रेडिओची लहर वर निसटत नाही, सरळ पुढे जात राहते. नऊशे किलोमीटर असेल, ताई. आयुष्यभर पुस्तकात वाचलं, बघितलं आज."

मग फोन थांबेचनात. पलीकडच्या किनाऱ्यावरचा एक मासेमार, एका शाळेचा शिपाई, गाव सोडून तीस वर्षं झालेल्या एक आजी. ताईंनी गाण्यांची यादी बाजूला सारली. आजींचं लहानपण ज्या गल्लीत गेलं त्या गल्लीचं नाव विचारून घेतलं आणि तिथे आज काय काय आहे ते सांगत सुटल्या: विहीर बुजवली, पिंपळ आहे, शिंप्याच्या दुकानात आता मोबाइल मिळतात. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, पण अडवलं नाही. एक खुर्ची ओढून तेही ऐकत बसले.

साडेनऊला वारा सुटला, हवेचा तो बोगदा मोडू लागला. नर्सने पुन्हा फोन केला. "ताई, तुम्ही लांब चाललात. आता शब्द कळत नाहीत, फक्त तुमचा सूर ऐकू येतोय." थोड्या वेळाने म्हणाली, "गेला."

सोमवारी नवी गाणी सुरू झाली. ठरलेलं काही बदललं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "ताई, हवामान वाचताना घाई करू नका. लागेल तेवढा वेळ घ्या."

कार्यक्रमाच्या त्या शेवटच्या दिवशी ताई घरी पोचल्या तेव्हा नवरा पेपर वाचत होता. "कसा झाला शेवटचा कार्यक्रम?"

"नऊशे किलोमीटर," ताई म्हणाल्या.

"काय?"

चपला पायातच ठेवून त्या खिडकीशी गेल्या आणि त्या साध्या, धुरकट, रिकाम्या दिसणाऱ्या हवेकडे बघत उभ्या राहिल्या.